पाळी जायच्या वयात घेतलेलं दंडाचं बीपी मशीन: मालवणात वर्षभर वापरून लिहितेय

आधी निकाल सांगते, मग बाकीचं वाचायचं तर वाचा. दंडाला पट्टा बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, मनगटाचं नको, आणि पैसे द्यायच्या आधी स्वतःचा दंड टेपने मोजा. पाचपैकी साडेतीन स्टार मशीनला, एक स्टार दुकानाला, आणि सर्व्हिसला मी स्टार देतच नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण एकच डब्बा वापरलाय, तेवढ्यावर कोणाला चांगलं कोणाला वाईट म्हणणं बरोबर नाही, आणि तसंही यातलं बरंचसं कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडेल.

मी मालवणकडची, घरचाच छोटा होमस्टे आहे, चार खोल्या, स्वयंपाक मीच बघते. वय ४९. पाळी गेलं दीड-दोन वर्ष मनाला येईल तेव्हा येते, मधे चार महिने आलीच नाही, मग आली ती पंधरा दिवस थांबेना. त्याच सुमारास वाफा सुरू झाल्या. ज्यांना येतात त्यांना सांगायला नको, छातीपासून वर मानेपर्यंत एकदम गरम, तोंड लाल, घाम, आणि पाच मिनिटांनी जसं काही झालंच नाही. त्यात धडधड. रात्री तीनला जाग. घरात सगळ्यांचं एकच, बीपी वाढलं असेल बघ. आणि खरंच डॉक्टर मॅडमकडे गेले तर १५८/९६ निघालं, पण त्या म्हणाल्या लगेच गोळी नको, घरी आठवडाभर मोजून आणा, दवाखान्यात घाबरून पण वाढतं. म्हणून हे मशीन घरात आलं.

मॅडमनी जे समजावलं ते थोडक्यात लिहिते, नाहीतर मशीन कशासाठी तेच कळणार नाही. पाळी चालू असते त्या वयात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतं. ते कमी झालं की वाहिन्या कडक व्हायला लागतात, शरीर मीठ जास्त धरून ठेवतं, पोटावर वजन चढतं, झोप मोडते, हे सगळं एकत्र येऊन बीपी वर सरकतं. तरुणपणी त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा बायकांचं बीपी कमी असतं, पाळी गेल्यावर तो फरक मिटत जातो आणि म्हातारपणी कित्येकदा उलटा होतो. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्य देशांत ५१ च्या, म्हणजे आपल्या बायकांचा हा सगळा प्रकार जरा आधीच सुरू होतो, आणि तेव्हा नेमकं मुलांचं कॉलेज नाहीतर सासू-सासऱ्यांचं आजारपण असतं, त्यामुळे स्वतःचं बीपी मोजायला सवड कोणाला. अजून एक, बाळंतपणात ज्यांचं बीपी वाढलेलं त्यांनी तर चाळिशीनंतर मोजायलाच हवं, त्यांना पुढे धोका जास्त. ही गोष्ट मला वीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

आता दुकान. कुडाळला मोठ्या मेडिकलमधून घेतलं, ऑनलाइनपेक्षा तीनेकशे रुपये महाग पडलं, पण ऑनलाइन मागवलं की कुरियरवाला तिठ्यावरच्या टपरीत ठेवून जातो आणि परत करायचं म्हटलं की पिकअप आमच्या पिनकोडला येतच नाही, म्हणून म्हटलं समोरासमोर घेतलेलं बरं. दुकानदाराने डब्बा काढला, बिल केलं, गॅरंटी कार्डावर शिक्का मारला, पण दंड किती जाड हे विचारलं नाही. घरी आल्यावर आकडे बघून घामच फुटला, १६० च्या खाली यायलाच तयार नाही. मुलीने माहितीपत्रक वाचलं, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी. शिवणाच्या टेपने मोजला तर माझा ३४. पोळपाट-लाटण्याचे दंड आहेत, काय करणार.

पट्टा छोटा असला की मशीन आकडा वाढवून दाखवतं, हे मनाचं सांगत नाही. २०२३ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी तपासून छापलंय, ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर वरचं बीपी सरासरी ५ च्या आसपास जास्त दिसलं, आणि ज्यांना त्याहून मोठा लागतो त्यांना तर जवळजवळ २० जास्त. वीस! म्हणजे बाई ठणठणीत आणि गोळी चालू. तर ३२ ते ४२ चा पट्टा वेगळा मागवावा लागला, त्याचे वेगळे पैसे, दुकानदार म्हणतो तुम्हीच सांगायला पाहिजे होतं. अहो भाऊ, ब्लाउजपीस घ्यायला गेलं तरी माप विचारतात की. मोठा पट्टा आल्यावर आकडा लगेच आठ-दहाने उतरला. बीपी होतंच माझं, पण जेवढं दाखवत होतं तेवढं नव्हतं. काही कंपन्या २२ ते ४२ असा एकच पट्टा डब्यातच देतात, शक्य असेल तर तोच घ्या, भानगडच नको.

बाकी मशीन वापरायला सोपं. एकच मोठं बटण, आकडे एवढे मोठे की चष्म्याशिवाय दिसतात, हे मला फार आवडलं. तीन ओळी, वरचं, खालचं आणि नाडी. दोन माणसांची मेमरी वेगवेगळी राहते, म्हणजे माझं आणि ह्यांचं मिसळत नाही. ठोके अनियमित वाटले तर एक हृदयाचं चिन्ह लुकलुकतं, ते सारखं सारखं आलं तर डॉक्टरना सांगून ईसीजी काढायचा, एकदा दिसलं म्हणून जीव टांगणीला लावायचा नाही. पट्टा फुगताना आवाज जरा जास्त करतं, पहाटे शेजारी झोपलेला माणूस उठतो. आणि पहिल्यांदा एवढं आवळतं की वाटतं हात जातोय, सवय होते.

सासूबाईंना मशीनवर अजिबात विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं डॉक्टर कानाला लावून ऐकतात, हा डबा काय ऐकणार. तसं ते खरंच ऐकत नाही. डॉक्टर स्टेथोस्कोपने जे ऐकतात ती पद्धत १९०५ साली कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरांनी काढली, आणि आपलं मशीन मात्र पट्ट्यातल्या हवेला रक्ताचे जे हलके धक्के बसतात ते मोजून हिशोब करतं. म्हणून मोजताना हललं, बोललं की आकडा बिघडतो. हे सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "बोलू नको म्हणतास तर मगे गजाली कधी करूच्यो?" आणि पट्टा बांधून घेऊन सगळ्या वाडीची खबर सांगत बसतात, मग आकडा १७० आला की "बघ, मशीन खोटा." एकदा गप्प बसवून मोजलं तर १४८. मशीन खरं की खोटं हे बघायचं असेल तर ते उचलून दवाखान्यात न्यायचं, डॉक्टरनी मोजलं की पाचेक मिनिटांनी त्याच हातावर आपल्याने मोजायचं. मी नेलं, तीन-चारचा फरक, मॅडम म्हणाल्या चालेल. घेण्याआधी मॉडेल तपासायचं असेल तर स्ट्राइड बीपी म्हणून एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या साइटवर नीट तपासलेल्या मशीनची यादी असते, मॉडेल नंबर टाकून बघायचं. डब्यावर नुसतं "क्लिनिकली टेस्टेड" लिहिलेलं असण्याला काही अर्थ नाही, ते कोणीही छापतं.

मोजायची पद्धत. ही लिहायला सोपी, करायला महाकठीण, निदान ज्या घरात सकाळी पाहुणे घावणे मागत बसलेले असतात तिथे तरी. नियम असा की अर्धा तास आधी चहा नाही, कष्टाचं काम नाही, तंबाखू-मशेरी नाही (हो, मशेरी पण, आमच्याकडे अजून कितीजणी लावतात), लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला टेकून, मांडी घालून नाही, पायावर पाय नाही, पाच मिनिटं नुसतं बसायचं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, उघड्या दंडावर, घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवून नाही कारण ती वरून आवळते. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळीच्या आधी, संध्याकाळी परत. सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. दवाखान्यात १४०/९० ला जास्त धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५ पासूनच जास्त धरतात, हा फरक पुष्कळांना माहीत नसतो आणि १३८ आलं की नॉर्मल म्हणून सोडून देतात.

खुर्ची आमच्याकडे पाहुण्यांच्या पडवीत, माझं अर्ध आयुष्य आदोळीवर (म्हणजे विळीवर) नाहीतर पाटावर. आदोळीवर बसून मोजलं की पाठ टेकत नाही, खाली वाकलेलं पोट, आकडा हमखास वर. शेवटी मी सकाळी उठल्या उठल्या चूल-गॅस पेटवायच्या आधीच मोजायला लागले, पडवीतच मशीन ठेवलं. पाच मिनिटं नुसतं बसायचं हा भाग घरच्यांना सगळ्यात खटकला. ह्यांनी विचारलं, बरं नाही का तुला? म्हटलं बीपी मोजतेय, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काम चालू आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. वाफ आली की बीपी वाढलं असं आपण सगळ्याजणी धरून चालतो, आणि वाफ नाही म्हणजे बीपी ठीक. दोन्ही खरं नाही. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही, ना डोकं दुखत ना चक्कर, त्याचमुळे ते घातक. आणि वाफ हा मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाचा गोंधळ आहे, त्यात घाम आणि धडधड असते म्हणून तो बीपीसारखा वाटतो. मी काय केलं, कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात पेनने बीपी लिहायचं आणि वाफ आली की पेन्सिलीने एक टिंब. दिवसाला टिंबं जमतील तेवढी. महिना उलटल्यावर बघितलं तर ज्या दिवशी टिंबांची रांग लागलीय त्या दिवशी १३२, आणि ज्या दिवशी एकही टिंब नाही, मस्त झोप लागलेली, त्या दिवशी १४६. असं एकदा नाही, परत परत. म्हणजे मी ज्या दिवशी घाबरत होते त्या दिवशी घाबरायचं कारण नव्हतं आणि ज्या दिवशी निवांत होते त्या दिवशी बीपी आपलं काम करत होतं. हे अंदाजाने कधीच कळलं नसतं. एक लक्षात ठेवा, वाफ चालू असताना पट्टा बांधायचा नाही, घामाने निथळलेलं अंग, धडधडणारी छाती, त्यात येणारा आकडा कसल्याच कामाचा नाही आणि तो बघून धडधड अजून वाढते. ओसरू द्या, पाणी प्या, अर्ध्या तासाने बघा.

तो कालनिर्णयचा कागद मॅडमना दाखवला तर त्यांनी मशीनची मेमरी बघितलीच नाही, कागदच वाचत बसल्या. आणि त्या कागदामुळे एक गोष्ट पकडली गेली. मला ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू केली होती, ती चालू झाल्यावर टिंबं वाढली. बीपी उतरलं, पण वाफा दुप्पट, आणि संध्याकाळी घोटे सुजायला लागले, चपलेचा पट्टा रुतायचा. मी म्हणत होते पाळीचंच असेल. मॅडम म्हणाल्या ही गोळी रक्तवाहिन्या पसरवते, त्यामुळे काहींना तोंड गरम होणं, पाय सुजणं होतं, पाळीच्या वाफांमध्ये ते मिसळून जातं आणि बाई सांगतच नाही. डोस अर्धा केला, जोडीला दुसरी दिली, घोटे ठीक. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही हे वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण आमच्या वाडीत दोघींनी आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली. अगो, गोळीमुळेच नॉर्मल आलाय तो!

हार्मोनच्या गोळ्यांचं पण विचारलं होतं मी. वाफा फारच असतील तर देतात, पण आधी बीपी ताब्यात पाहिजे, आणि पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा कातडीवर लावायची पट्टी किंवा जेल बीपीच्या दृष्टीने बरी समजतात. प्रत्येकीचं वेगळं, छातीच्या गाठीचा किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर वेगळंच, ते डॉक्टरच्या टेबलावर ठरवायचं, शेजारणीच्या ओट्यावर नाही.

मिठाचं प्रकरण मात्र मशीननेच उघडं पाडलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा जेमतेम. आम्ही कोकणातली माणसं, आमच्यात वरून मीठ घ्यायची पद्धत नाही म्हणून वाटतं आपण कमी खातो. आणि ताटात काय? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळाभर सुका बांगडा, गोलमा, सुकी सुंगटं. पेजेबरोबर खारातली कैरी. सांडगी मिरची. उडदाचा पापड. आणि सोलकढी, तिला तर आपण औषध समजतो, पण आगळ, म्हणजे कोकमाचा रस, मिठात घातलेलं असतं, आगळाची सोलकढी करताना वरून परत मीठ घालणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यात माझी सासू पहिली. माझ्या कालनिर्णयवर जुलैचे आकडे जून-जुलैच्या ढगांसारखेच वर चढत गेलेले दिसतात, आणि त्या महिन्यात गोळी तीच, झोप तीच. आता सुका बांगडा आदल्या रात्री भिजत घालते आणि दोनदा पाणी बदलते, आगळ सोडून सुकी आमसुलं भिजवून सोलकढी करते, तीही चाखून बघूनच, कारण काही आमसुलांना पण मिठाचं पुट असतं. पापड आठवड्यातून एकदा. जेवण बेचव होत नाही, तिरफळं आणि ओलं खोबरं आहे तोवर कोणाला मीठ आठवतंय. पाहुणे तर काही बोलले नाहीत, सासूबाई बोलल्या, "ह्या काय आजाऱ्याचा जेवाण?" चालायचंच.

शहाळं प्यायलं की बीपी उतरतं म्हणून कोणी रोज तीन-तीन पितात. एखादं प्या, चांगलंच आहे, पण टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम फार वाढू शकतं, तेव्हा विचारून प्या. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यालाही हेच लागू. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून मागून घेतो त्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, त्यांनी बीपी वाढतं आणि बीपीच्या गोळीचा असर कमी होतो. नेमकं याच वयात गुडघे धरतात. खोकल्याला चघळायचं ज्येष्ठमध रोज रोज खाल्लं तर त्यानेही वाढतं, हे ऐकून मी थक्कच झाले.

आता तक्रारी, किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी नीट वाचा. मशीन चार पेन्सिल सेलवर चालतं, ॲडाप्टर डब्यात नाही, वेगळा विकत. आमच्याकडे खारी हवा, पावसाळ्यात तर कपाटातले कपडे पण ओलसर. सेल आत ठेवून मशीन तसंच राहिलं तर सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला आणि मशीन मधेच बंद पडायला लागलं, फुगतंय फुगतंय आणि गप. वॉरंटीत येईल म्हणून फोन केला तर कस्टमर केअरवाली हिंदीत एकच वाक्य, मॅडम गंज वॉरंटीत कव्हर नाही. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला, कुरियरचा खर्च माझा. गॅरंटी कार्डवर एवढा मोठा पाच वर्षांचा आकडा छापायचा आणि पट्टा त्यात नाही, सेलचा कप्पा त्यात नाही, मग पाच वर्ष काय, डब्याच्या झाकणाची? शेवटी गावातल्या मोबाइल रिपेअरवाल्या पोराने बारीक सँडपेपर आणि स्पिरिटने घासून दिलं, पन्नास रुपये, तेव्हापासून चालू आहे. आता वापर झाला की सेल काढते, आणि मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात, चपलांच्या खोक्यातून येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. पट्टा धुता येत नाही, उन्हाळ्यात घामाचा वास धरतो, ओल्या फडक्याने पुसायचा आणि सावलीत वाळवायचा. चिकटपट्टी वर्षभरात जरा ढिली झालीये.

ॲप आहे. उघडलं की ईमेल, जन्मतारीख, लोकेशन, सगळं मागतं. लोकेशन कशाला रे बाबा, माझं बीपी कुठे पळून जाणार आहे? रेंज नसली की आकडे चढत नाहीत. मुलीने दोन आठवडे वापरून दिलं, मग मी कालनिर्णयलाच धरून राहिले.

मनगटाच्या मशीनबद्दल सगळे विचारतात, छान छोटं, पर्समध्ये मावतं. नणंदेकडे आहे. मनगट बरोबर हृदयाच्या उंचीला धरलं तरच जवळपासचा आकडा येतो, जरा खाली-वर झालं की दहाने इकडे-तिकडे. दंड फारच जाड असेल आणि कुठलाच पट्टा बसत नसेल तर डॉक्टर चालवून घेतात, एरवी नाही. घड्याळातल्या बीपीवर तर गोळी ठरवू नका.

मशीनला पैसे नसतील तर अडून बसायचं कारण नाही हेही लिहिते. २०१७ मध्ये केंद्र सरकार, आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून बीपीचा कार्यक्रम काढला, महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोजून देतात, गोळ्या फुकट मिळतात. आमच्या आशाताई घरी येऊन सासूबाईंचं मोजतात, आणि त्यांच्यापुढे मात्र सासूबाई एकदम गप्प बसतात, आकडा पण शहाण्यासारखा येतो.

एक वाईट सवय मात्र हे मशीन लावतं. आकडा जास्त आला की परत मोजावंसं वाटतं, मग परत, आणि प्रत्येक वेळी वर. शेजारच्या वहिनी दिवसातून दहा-बारा वेळा मोजायच्या, शेवटी त्यांच्या मुलाने मशीन कपाटात कुलपात ठेवलं. सांगितलेल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ, एरवी डॉक्टर म्हणतील तेव्हा, बस. पण १८०/१२० किंवा वर आलं, पाच मिनिटं शांत बसून परत तेवढंच, आणि जोडीला छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, दिसायला धूसर, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन लावायचा. लक्षणं काही नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरना फोन. आणि याच वयात घोरणं वाढलं असेल, सकाळी उठून डोकं जड, तर तेही सांगा, झोपेत श्वास अडखळत असेल तर बीपी गोळ्यांना दाद देत नाही.

पैशाचं म्हणाल तर मशीन दोन हजारांच्या आसपास, मोठा पट्टा आणि ॲडाप्टर धरून तीन हजारांपर्यंत जातं. दंड ३२ च्या आत असेल तर मोठा पट्टा लागत नाही, आणि ॲडाप्टरशिवायही भागेल, चार्जिंगचे सेल घाला. कुडाळ-सावंतवाडीकडच्या दुकानांत मोठा पट्टा सहसा तयार नसतो, मागवायला आठवडा लावतात आणि गणपतीच्या आसपास तर कोणी फोनच उचलत नाही, म्हणून आधी दंड मोजून, फोन करून, पट्टा आलाय याची खात्री करूनच एसटीत बसा.